शिरोरेघ न फाटता: व्हिनाइल कटरवर बाटली, पाटी, टी-शर्ट आणि रांगोळीचा साचा

व्हिनाइल कटर म्हणजे संगणकावरच्या आकृतीप्रमाणे पातळ प्लास्टिकच्या शीटमधून (व्हिनाइलमधून) अक्षरं आणि चित्रं कापणारं मशीन. त्याचं काम सहसा मशीनवर बिघडत नाही. ते आधी बिघडतं, कारण अक्षरं नीट जोडलेली नसतात. नाहीतर नंतर बिघडतं, कारण जिथे चिकटवायचं ती जागा नीट पुसलेली नसते. मधलं कापणं हा सगळ्यात सोपा भाग, पण नवशिके काळजी त्याचीच करतात. नाशिकमध्ये घरगुती कटर घेतलेल्या मंडळींच्या तक्रारी ऐका: शिरोरेघ तुटली, वेलांटी भलतीकडेच गेली, बाटलीवरचं नाव आठवड्यात उचकटलं. यातली एकही तक्रार मशीनची नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका. टप्पे १ ते ६ प्रत्येक कामाला लागतात, त्यापुढे एकेक काम वेगळं घेतलं आहे.

## १. काम ठरवा, मग माल आणा

आधी रोल आणून मग त्याचं काय करायचं ते शोधलं, तर चुकीच्या मालावर चुकीचं काम होतं. वस्तू कुठे राहणार, पाणी-ऊन लागणार का, पुढे काढावी लागणार का, हे आधी ठरवा.

- पाणी किंवा ऊन लागणारी वस्तू (बाटली, डबा, गाडी, बाहेरची काच): कायम चिकटणारं, चकचकीत व्हिनाइल. ओराकल ६५१ हे या प्रकारातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव.
- घरातली भिंत, तात्पुरती सजावट, रंगकामाचा साचा: काढता येणारं, मॅट व्हिनाइल. त्याच कंपनीचं ६३१ हे या वर्गातलं.
- कापड: हीट ट्रान्सफर व्हिनाइल. याला हाताला चिकटणारा गोंद नसतो, उष्णतेनेच ते बसतं.
- पुन्हा पुन्हा वापरायचा साचा: व्हिनाइल नको, प्लास्टिकची पारदर्शक ओएचपी शीट.

दुकानात नुसतं ‘रेडियम द्या’ म्हटलं की कित्येकदा चमकणारी रिफ्लेक्टिव्ह शीट हातात पडते. ती जाड आणि ठिसूळ असते, बारीक अक्षरं तिच्यात नीट कापली जात नाहीत. ‘प्लॉटरवर कापायचं साधं व्हिनाइल’ असं स्पष्ट मागा. फ्लेक्स आणि साइनबोर्डचं साहित्य विकणाऱ्यांकडे ते मीटरवर मिळतं. सुरुवातीला एकच काळा आणि एकच पांढरा घ्या, दहा रंगांचे तुकडे नकोत.

सोबत लागेल: ट्रान्सफर टेप (कापलेली अक्षरं उचलून वस्तूवर न्यायची चिकट टेप), टोकदार चिमटा, स्टीलची पट्टी, कटर ब्लेड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं सुती कापड आणि स्क्विजी (घासून दाबायची चपटी पट्टी). स्क्विजी नसेल तर जुन्या एटीएम कार्डाला पातळ कापड गुंडाळा, काम भागतं.

सावधान: व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते लेझर मशीनवर कधीही कापू नका. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो, तो फुप्फुसालाही वाईट आणि मशीनलाही. ‘लेझरवर पटकन होईल’ असं कोणी सांगितलं तरी नाही म्हणा.

## २. अक्षरं तयार करा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, त्यामुळे इंग्रजी व्हिडिओ पाहून शिकलेल्यांना हा टप्पा कोणी सांगितलेलाच नसतो.

कुठे टाइप करायचं. कटरसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप करण्याआधी तीन शब्द लिहून पाहा: क्षितिज, श्रद्धा, कीर्ती. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, जोडाक्षर पाय मोडून सुटं झालं किंवा रफार ‘त’च्या डोक्यावरून हलला, तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरीची मांडणी समजत नाही. तिथे हाताने अक्षरं सरकवत बसू नका. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात युनिकोड मराठी बरोबर उमटतं.

फाँट. मुक्ता आणि बालू २ हे दोन्ही मोफत आहेत, ठसठशीत आहेत आणि कापायला सोपे आहेत. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी सुंदर आहे, पण त्याच्या बारीक रेघांमुळे तो मोठ्या आकारातच वापरा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेला जुना मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हं दिसतात. तो नव्याने युनिकोडमध्ये टाइप करणं हाच कमी त्रासाचा मार्ग.

शिरोरेघ जोडणं. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या शिरोरेघेवर किंचित चढलेली असते, म्हणून ती डोळ्यांना सलग दिसते. कटरला मात्र रंग दिसत नाही, फक्त कडा दिसतात. ‘नाशिक’ लिहिलं तर तो ‘ना’ची कड वेगळी कापतो आणि ‘शि’ची वेगळी. जिथे दोन्ही एकमेकांवर चढल्या आहेत तिथे उभ्या चिरा पडतात आणि जादाचा भाग सोलताना शिरोरेघ तुकड्या-तुकड्यांनी निघून येते. इंकस्केपमध्ये उपाय असा:

1. मजकूर निवडा आणि ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा (शिफ्ट-कंट्रोल-सी), म्हणजे अक्षरांच्या नुसत्या कडा उरतात.
2. अक्षरांचा गट झाला असेल तर ‘अनग्रुप’ करा.
3. सगळं निवडून ‘पाथ’ मेनूतून ‘युनियन’ करा (कंट्रोल आणि अधिक चिन्ह), म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार एकसंध होतात.

त्याआधी मूळ मजकुराची एक प्रत बाजूला ठेवा. पाथ झाल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही.

तपासणी: ‘व्ह्यू’ मेनूतल्या ‘डिस्प्ले मोड’मधून ‘आउटलाइन’ निवडा. शब्दाच्या शिरोरेघेत आतून एकही उभी रेघ दिसता कामा नये. दिसली तर युनियन झालेलं नाही. हे पाहिल्याशिवाय मशीनला हात लावू नका.

सावधान: युनियननंतर ‘ब्रेक अपार्ट’ करू नका. ‘व’, ‘ब’, ‘प’ यांची पोटं भरून निघतात.

टिंब आणि बारीक जागा. अनुस्वार, अर्धचंद्र आणि रफार यांची नाजूक टोकं सोलताना सगळ्यात आधी निसटतात. अक्षराची उंची १० मिलिमीटरच्या खाली आणू नका आणि कोणतीही रेघ १ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. लहान आकारात ‘द्ध’, ‘ष्ट’, ‘ज्ञ’ यांच्यातल्या पोकळ्या बुजतात. नाव ‘सिद्धी’ असेल तर ‘सीमा’ला चालणारा आकार तिला पुरत नाही. टिंब थोडं मोठं केलं तरी कोणाला खटकत नाही.

चित्र असेल तर. वारलीची माणसं, पैठणीचा मोर, द्राक्षाचा घड अशा आकृत्या अनेकदा नुसत्या रेघांनी काढलेल्या असतात. कटर त्या रेघेच्या मधून एकच काप देतो आणि हातात काहीच येत नाही. ‘स्ट्रोक टू पाथ’ करा, म्हणजे रेघेला जाडी मिळते, आणि मग युनियन. फोटोवरून ट्रेस केलेल्या चित्रात हजारो बिंदू तयार होतात आणि पातं थरथरत चालतं. अशा वेळी एकदा ‘सिम्प्लिफाय’ (कंट्रोल-एल) करा. आकार बिघडला तर मागे या.

## ३. आकार मोजा

वस्तूवर पट्टी ठेवून मोजा, मग कागदावर त्याच मापाचं नाव छापून वस्तूवर धरून बघा. स्क्रीनवर भरदार वाटलेलं नाव डब्यावर फार मोठं किंवा अगदीच किरकोळ दिसतं, आणि ते कागदावर कळलेलं बरं.

फाइल एसव्हीजीमध्ये जतन करा. मशीनचं सॉफ्टवेअर ती घेत नसेल तर डीएक्सएफ. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर रुंदी पुन्हा तपासा. एक सॉफ्टवेअर इंचाला ९६ बिंदू मानतं आणि दुसरं ७२, त्यामुळे चित्र गुपचूप एक-तृतीयांशाने वाढतं किंवा पाव हिश्शाने घटतं.

## ४. पातं, दाब आणि चाचणी

साध्या व्हिनाइलला ४५ अंशांचं पातं, जाड मालाला ६० अंशांचं. पातं किती बाहेर काढावं, यात सगळ्यात जास्त चूक होते. व्हिनाइलचा थर साधारण ०.०६ ते ०.०८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे पात्याचं टोक जेमतेम दिसावं. जास्त बाहेर काढलेलं पातं कागदासकट कापतं, मशीनची पट्टी चरते आणि टोक मोडतं.

पात्याची धारणी हातात धरून व्हिनाइलच्या कचऱ्यावर बेताच्या दाबाने ओढा. वरचा थर कापला जावा आणि मागच्या कागदावर फक्त पुसटसा ओरखडा दिसावा. मग मशीनमध्ये बसवा आणि दाब कमीपासून वाढवत जा. पातं कमी बाहेर काढून दाबाने जुळवून घेणं हे पातं बाहेर काढून दाब कमी करण्यापेक्षा नेहमी चांगलं.

तपासणी: दर नव्या रोलला, दर नव्या रंगाला चाचणी काप घ्या. चौकोनात त्रिकोण कापा.

- चौकोन सोलला तर त्रिकोण कागदावरच राहायला हवा. तोही उचलला गेला, तर दाब कमी आहे.
- मागचा कागद फाटला तर दाब किंवा पातं जास्त आहे.
- कोपरे गोल आले किंवा शेपटीसारखे बाहेर आले, तर पात्याचा ‘ऑफसेट’ (पात्याचं टोक आणि त्याचा मध्य यांतलं अंतर) चुकला आहे. बहुतेक पात्यांना ०.२५ मिलिमीटर लागतो.
- कड करवतीसारखी आली तर पातं बोथट आहे किंवा त्याच्या टोकात गोंदाचा कण अडकला आहे.

एवढ्या तुकड्याला रुपयाचाही माल लागत नाही, आणि तो वाचवायला जाऊन अख्खी पाटी वाया घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

## ५. कापा आणि सोला

रोल सरळ घाला. दाब देणारे रोलर खाली खुणा असलेल्या जागीच यायला हवेत. मोठा काप असेल तर आधी माल तेवढ्या लांबीचा पुढे-मागे फिरवून बघा. तिरका सरकत असेल तर तिथेच कळतं. देवनागरी कापताना वेग कमी ठेवा, कारण वळणं जास्त असतात.

काप संपल्यावर माल मशीनमधून काढू नका. आधी एका कोपऱ्यातलं टिंब चिमट्याने उचलून बघा. अर्धवट कापलं गेलं असेल तर माल जागचा न हलवता तोच काप पुन्हा देता येतो. एकदा काढला की पुन्हा त्याच जागी बसत नाही.

जादाचा भाग सोलणं म्हणजे विडिंग. कोपऱ्यापासून सुरू करा आणि सोललेला भाग वर न ओढता मागे दुमडून, कागदाला जवळजवळ समांतर ओढत न्या. वर ओढलं की अक्षरं सोबत येतात. मोठी चौकट असेल तर ती ब्लेडने चार भागांत कापून एकेक भाग काढा. अक्षरांची पोटं सगळ्यात शेवटी.

नाशिकच्या हवामानाचाही इथे हिशोब ठेवावा लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात गोंद मऊ होतो आणि कापलेल्या कडा पुन्हा एकमेकींना चिकटतात, म्हणून कापल्या-कापल्या सोला, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. पावसाळ्यात मागचा कागद दमट होतो, फुगतो आणि व्हिनाइलखाली बोगदे तयार होतात. रोल उभे, प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा.

## ६. पुसा, उचला, चिकटवा

नुसतं कापडाने पुसणं पुरत नाही. स्टील, काच, प्लास्टिक यांच्यावर हाताचं तेल असतंच. साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका. चमक आणणारे स्प्रे टाळा, त्यांचा थर मागे राहतो.

1. सोललेल्या अक्षरांवर ट्रान्सफर टेप मधून कडेकडे बसवा आणि स्क्विजीने घासा.
2. सगळं उलटं करा, म्हणजे टेप खाली, कागद वर. आता कागद मागे दुमडून सोला. टेप वर ओढायची नाही. एखादं टिंब कागदावरच राहिलं तर कागद परत खाली बसवा, घासा, पुन्हा सोला.
3. वस्तूवर मास्किंग टेपने जागेच्या खुणा करा. लांब नाव असेल तर कागद आधी सोलू नका: मधोमध मास्किंग टेपची उभी पट्टी लावून ते जागेवर अडकवा, एका बाजूचा कागद काढून ती बाजू बसवा, मग दुसरी.
4. मधून बाहेर घासत या.
5. टेप सावकाश, मागे दुमडून काढा. अक्षर उचललं जात असेल तर टेप खाली दाबून पुन्हा घासा.

सावधान: डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ १० अंशांच्या खाली जाते. एवढ्या थंडीत गोंद धरत नाही. दुपारी लावा किंवा वस्तू आधी हेअर ड्रायरने कोमट करा.

मोठ्या काचेसाठी लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घालून फवारा, मग अक्षरं सरकवून जागेवर आणता येतात. लहान नावांना ही पद्धत वापरू नका, बारीक तुकडे टेपबरोबर परत येतात.

## ७. स्टीलची बाटली आणि शाळेचा डबा

पहिलं काम हेच करा. बाटलीचा निमुळता भाग टाळा, तिथे सरळ ओळ वाकडी दिसते. गोल भागावर ट्रान्सफर टेपला अक्षरांच्या मधल्या जागेत खालून-वरून लहान चिरा द्या, म्हणजे टेप सुरकुतत नाही. झाकणाकडच्या कडेपासून किमान दोन सेंटिमीटर खाली लावा. तोंड लागतं तिथे किंवा भांड्याच्या आत व्हिनाइल कधीच नको.

लावल्यावर तीन दिवस पाणी लावू नका. त्यानंतरही तारेची घासणी नको. भांडी घासायला मावशी येत असतील तर त्यांनाही हे आवर्जून सांगून ठेवा.

तांब्याच्या भांड्यावर हे काम करूच नका. तांबं चिंचेने, लिंबाने घासावं लागतं आणि त्यात कडा सुटतात. तांब्या-पेल्यावर नाव हवं असेल तर भांडीबाजारात कोरून घ्या, ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

## ८. दाराची लाकडी पाटी

इथे व्हिनाइल पाटीवर राहत नाही, त्याचा साचा करून रंग भरायचा. म्हणजे सोलताना उलटं: अक्षरं काढायची, बाहेरचा भाग आणि अक्षरांची पोटं ठेवायची. काढता येणारं व्हिनाइल घ्या.

1. लाकूड २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा.
2. पाटीला मूळ रंग द्या आणि पूर्ण वाळू द्या, निदान एक दिवस.
3. साचा बसवा, कडा नखाने दाबा.
4. आता अक्षरांचा रंग लावू नका. आधी पाटीचाच मूळ रंग साच्याच्या कडांवर पातळ फिरवा. जो काही रंग साच्याखाली झिरपायचा तो हाच झिरपेल, दिसणार नाही आणि फटी बुजतील.
5. तो वाळल्यावर अक्षरांचा रंग स्पंजने, उभा टिपत, दोन पातळ हातांत द्या. ब्रशने कडेकडून आत ओढलं की रंग साच्याखाली जातो.
6. दुसरा हात किंचित ओला असतानाच साचा काढा. कडक वाळल्यावर काढला तर कडा सोलून येतात.

चौथी पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग कडा फाटल्या म्हणून फाँट बदलत बसतात.

## ९. दुकानाची काच

बाहेरून वाचायचं नाव काचेच्या आतून लावलं तर धुळीपासून आणि पावसापासून वाचतं. त्यासाठी ते आरशातल्यासारखं उलटं कापावं लागतं. बाहेरून लावायचं असेल तर सरळ. फाइलच्या नावातच ‘आतून’ किंवा ‘बाहेरून’ असं लिहून ठेवा, गोंधळ होत नाही.

महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. नाव दोन लिपींत असेल तर मराठी आधी बसवा आणि इंग्रजीचा आकार त्यावरून ठरवा. शिरोरेघेपासून पायापर्यंतची उंची मोजा. इंग्रजी आणि मराठीला एकच फाँट साइज दिला म्हणजे उंची सारखी येते असं नाही.

गाडीसाठीही हेच काम होतं, पण नंबर प्लेटवर काहीही चिकटवू नका. सुरक्षा प्लेटवर वेगळी अक्षरं किंवा चित्र लावणं नियमात बसत नाही.

## १०. ढोल पथकाचा टी-शर्ट

हीट ट्रान्सफर व्हिनाइलची चकचकीत बाजू म्हणजे पारदर्शक आधारपट्टी. ती खाली ठेवा, मंद बाजूवर कापा आणि चित्र उलटं करा. या दोन गोष्टींपैकी एक विसरली की अख्खी शीट गेली.

टी-शर्ट आधी धुऊन घ्या, फॅब्रिक सॉफ्टनर न वापरता. पाच सेकंद रिकामाच दाबा, ओल निघून जाते. सुती कापडाला साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअस आणि १० ते १५ सेकंद लागतात, पण मालासोबतच्या कागदावरचे आकडे अंतिम माना. पॉलिस्टरला तापमान कमी ठेवा, नाहीतर गडद कपड्याचा रंग वर येऊन पांढरी अक्षरं गुलाबी होतात. आधारपट्टी गरम असताना काढायची की थंड झाल्यावर, हेही त्या कागदावरच असतं.

घरच्या इस्त्रीने करायचं तर वाफ बंद, खाली कडक टेबल, वर बेकिंग पेपर. इस्त्री फिरवू नका. अंगाचा भार देऊन एका जागी दाबा, उचला, पुढच्या जागी ठेवा. इस्त्रीच्या वाफेच्या भोकांखाली उष्णता पोचत नाही, म्हणून दुसऱ्या फेरीत जागा थोडी बदला. पहिली धुलाई एका दिवसानंतर, कपडा उलटा करून.

वीस-पंचवीस शर्ट असतील तर आधी एकच पूर्ण करा, धुवा, मग बाकीचे कापा. मिरवणुकीच्या आदल्या रात्री हे काम सुरू करू नका.

## ११. रांगोळीचा साचा

१०० ते १२५ मायक्रॉनची ओएचपी शीट चिकट मॅटवर घट्ट बसवा. ६० अंशांचं पातं, कमी वेग, दोन किंवा तीन फेऱ्या. एकाच फेरीत जोर लावला तर शीट मॅटवरून सरकते.

साच्यात अक्षरांची पोटं गळून पडतात, म्हणून ‘व’, ‘ब’, ‘म’, ‘प’ यांच्या पोटाला बाहेरच्या शीटशी जोडणारे पूल ठेवा, किमान ३ मिलिमीटर रुंद. पूल उभ्या दांड्यावर दिला तर अक्षर ओळखू येत नाही, गोलाईच्या बाजूला द्या. ‘शुभ दीपावली’सारख्या मजकुरात शिरोरेघेलाही मध्ये दोन-तीन ठिकाणी पूल लागतात, नाहीतर एवढ्या लांब फटीत शीट लोंबते आणि रांगोळी खाली शिरते.

रांगोळी चाळून घ्या, फरशी कोरडी ठेवा. चाळणीतून वरून भुरभुरवा, बोटाने भरू नका. साचा दोन्ही हातांनी सरळ वर उचला. अंगणाच्या खडबडीत शहाबादी फरशीवर कडा थोड्या पसरतात, तिथे अक्षरं मोठी घ्या.

## जुनं काढायचं असेल तर

हेअर ड्रायरने कोमट करा, कोपरा नखाने उचला आणि मागे दुमडून हळू ओढा. गोंद राहिला तर त्यावर खोबरेल तेल लावून थोडा वेळ ठेवा, पुसा, मग साबणाने धुवा आणि शेवटी अल्कोहोलने पुसा. तेलाचा अंश राहिला तर पुढचं व्हिनाइल धरणार नाही. भिंतीवरून काढताना डिस्टेंपरचे पोपडे सोबत येऊ शकतात, म्हणून सोफ्यामागे किंवा कपाटाआड लहान तुकडा लावून, दोन दिवसांनी काढून बघा. नव्याने रंग दिलेल्या भिंतीवर महिनाभर काहीही लावू नका.